विंचू उतरवणारं घर

आमच्या घरात विंचू मारायला बंदी होती. माझे सासरे विंचू उतरवायचे, आणि उतरवणाऱ्यानं मारला की विद्या जाते, असा दंडक. चुलीमागं निघाला तरी मामंजी चिमट्यानं उचलून कुंपणापलीकडं टाकायचे. मला लय राग यायचा. टाकलेला विंचू काय काशीला जातो? फिरून आमच्याच गोवऱ्यांत यायचा. पण निजामाच्या राज्यातले दिवस ते, सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नसे. मी भांडी आपटून गप बसायची.

त्या दिवशी भर दुपारी माझी चार वर्षांची लेक माझ्यासोबत गोवऱ्या काढत होती. एकदम किंचाळली. गोवरीखालून बोटाएवढा तांबडा विंचू नांगी वर करून पळाला. मोठ्या काळ्या इंगळीला आम्ही भ्यायचो, या तांबड्याला कोणी मोजत नसे.

मामंजींनी तिला ओट्यावर मांडीत घेतलं. लिंबाचा डहाळा खांद्यापासून बोटांकडं फिरवत, ओठांत मंत्र म्हणत ते दर वेळी विचारायचे, "कुठवर आला गं माय?" मोठं माणूस सांगतं, दंडात आला, मनगटात आला. एवढंसं लेकरू काय सांगणार? ती नुसती ओरडत होती. सारी गल्ली जमली. मग ती ओरडायची थांबली.

"उतरला!" कोणीतरी म्हणालं. बाया मामंजींच्या पाया पडू लागल्या.

मी लेकीला उचललं आणि हबकलेच. झबलं पिळून घ्यावं इतका घाम. हातपाय गार. ओठाच्या कडेला फेस. छाती मात्र धाडधाड उडत होती.

"उतरला न्हाई," मी म्हणाले. "चढायलाय."

सासूबाईंनी डोळे वटारले. "अगं, कुणापुढं बोलायलीस?"

"लेक मरायली माझी! गाडी जुंपा, न्हाईतर मी चालत निघते पूर्णेला!" डोक्यावरचा पदर कधी पडला, कळलंच नाही.

मामंजींनी तिच्या तळपायाला हात लावला. ते उठले आणि स्वतः बैल जुंपले.

पूर्णेचा रेल्वेचा दवाखाना दोन कोसांवर. वाटभर मी तिचे पाय पोटाशी धरून चोळत होते आणि मामंजींना घालूनपाडून बोलत होते. विद्या काढली, दंडक काढला, काही ठेवलं नाही. ते फक्त बैल हाकत होते.

डाक्टरनं सुई दिली, घोंगडीत गुंडाळायला लावलं. भरवसा देत नाही, म्हणाला. दिवस कलताना तिनं पाणी मागितलं आणि मला रडूच फुटलं.

मामंजी बाहेर पायरीवर बसले होते. "पाणी मागितलं," मी सांगितलं. त्यांनी हात जोडले.

"सूनबाई," ते म्हणाले, "मागल्या साली त्या मेंढरंवाल्याचं पोरगं... तेबी माझ्या मांडीवर असंच गार झालं होतं. घाम आला, गप पडलं. मी उतरला म्हणलो, अन् घरी येऊन जेवलो."

ते पोरगं त्याच दिवशी गेलं होतं. विंचू तर उतरला होता, त्याचं आयुष्यच तेवढं, असं साऱ्या गावानं म्हटलं होतं. त्याच्या आईला तसं समजावायला मीच गेले होते.