मिस्त्रींनी बांधलेली भिंत

अख्ख्या नाशकात सरळ उभी असलेली एकही वस्तू नाही, अशी आमच्या मिस्त्रींची ठाम समजूत होती. नव्वदच्या दशकात मी बांधकामावर नवशिका सुपरवायझर होतो आणि मिस्त्री माझ्या हाताखाली आहेत, असं फक्त कागदावर होतं. त्यांच्या खिशात कायम ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी तो कार्यालयाच्या खांबाला लावून पाहिला आणि पुढचा सगळा वेळ खांबाकडे रागाने बघत बसले. मजूर अड्ड्यावर बाया निवडतानाही तेच. ओळंबा लोंबता धरून उभे राहायचे. दोरी थिरावेपर्यंत जी बघत राहील, ती पसंत. त्यांना एखाद्या बाईला गवंडी करायचं होतं. बायांनी जन्मभर घमेलीच का वाहायची, यावर ते चहा निवेपर्यंत भांडत. आधी दोघींना शिकवलं होतं. एकीला नवऱ्याने काम सोडायला लावलं, दुसरी बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही.

मग पेठ तालुक्याकडची हिरा आली. दोरी थांबली तरी बघतच राहिली. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी तिला थापी धरायला शिकवलं. ती चुकली की कपाळ स्वतःचं बडवून घेत. शेवटी एका बंगल्याची दर्शनी भिंत तिला एकटीला दिली. ओळंबा मीच लावला. केसाचाही फरक नव्हता.

मालक बघायला आले. कोणी बांधली, म्हणून त्यांनी कौतुकाने विचारलं. बाईचं नाव सांगितलं तर हा माणूस भिंत पाडायला लावील, अशी मिस्त्रींना धास्ती वाटली.

"मीच," ते म्हणाले.

हिराने थापी धुऊन ठेवली आणि घमेलं उचललं. मी तिथेच होतो, गप्प राहिलो. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याने माझ्या स्कूटरवरून आम्ही तिच्या पाड्यावर गेलो. तिने कोरा चहा दिला, बसायला घोंगडी टाकली.

"मी नाय येयची, मिस्त्री. तुम्हीच माझं नाव नाय घेतलं, मंग दुसरा कोण घेईल?"

परतताना मिस्त्री थेट त्या मालकांकडे गेले आणि भिंत हिराने बांधल्याचं सांगितलं. मालक खो खो हसले. खरंच आहे, असं मीही म्हणालो, तर त्यांना आणखीच हसू आलं. आम्ही दोघं मिळून थट्टा करतोय असं त्यांना वाटलं, आणि ती त्यांना फार आवडली होती. बाहेर आल्यावर हे हिराला सांगायचं का, असं मिस्त्रींनी मला हळूच विचारलं. मी स्कूटरला किक मारली. मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.