रुमालाखालचा मोनोग्राफ

किन्हवलीचे रविंद्र विशे शहापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. मुरबाडजवळच्या, बैलबाजारासाठी नावाजलेल्या म्हशाच्या यात्रेवर आपण मोनोग्राफ लिहितोय, हे त्यांनी भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. मोनोग्राफ म्हणजे नेमकं काय, हे मात्र स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

विचारलं ते वनस्पतिशास्त्राच्या रेश्मा मॅडमनी, स्टाफरूममध्ये. "आमच्यात वनस्पतींचा एक गट घेतला की त्यातली जगातली एकही जात सोडायची नाही. तुम्ही यात्रेतले सगळे बैल घेणार का सर?"

ग्रंथपाल किशोर म्हणाला, "आमच्याकडं येवढं अवघड नाय. मासिकासारखं पुढं चालू राहत नाय, एकदा निघालं की पुरं, ते मोनोग्राफ. लोणच्याचं पुस्तकसुद्धा."

"इतिहासात एकच विषय, पण तळापर्यंत खणलेला," सर ऐटीत म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. घरी चारशे पानं लिहून तयार होती. त्यांत देऊळ होतं, तमाशाचे फड होते, घोंगड्या होत्या, मुरबाडचा रस्ता होता आणि एक अख्खं प्रकरण सरांच्या बालपणाचं होतं.

त्याच आठवड्यात यात्रा भरली. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करत होते, शेजारच्याला कळू नये म्हणून. हाच आपला एक विषय, असं सरांनी तिथल्या तिथं ठरवलं. अभ्यासकानं लांबून बघू नये, म्हणून त्यांनी नथू नावाच्या व्यापाऱ्यापुढं हात केला. दोघांच्या हातांवर रुमाल पडला. नथूनं बोटं दाबली. अनुभव मिळाला, आता आभार मानावेत, म्हणून सरांनी त्याचा हात घट्ट दाबला.

"झाला सौदा," म्हणत नथूनं कासरा त्यांच्या हातात दिला.

गैरसमज झाला, एवढंच म्हणायचं होतं. पण गर्दीत सरांचे दोन जुने विद्यार्थी कौतुकानं बघत उभे होते. सरांनी बैलाच्या पाठीवर जाणकारासारखी थाप मारली आणि टेम्पो ठरवला.

दारात बैल बघून सरांच्या बायको, शीतलवहिनी, म्हणाल्या, "तुमी लिवाला गेलते ना?"

"संदर्भ आणलाय."

"मंग त्याला वैरण पन तुमीच घाला."

सरांनी घातली. बैल विकायला ते बाजारामागून बाजार फिरले. दरवेळी रुमालाखाली हात घालून फसले आणि घरी येऊन का फसलो ते लिहीत बसले. अखेर बैल गेला, घेतल्या भावाच्या बराच खाली. जुन्या चारशे पानांतलं फारसं काही उरलं नाही. पुस्तक निघालं ते लहानसंच, पण पहिल्या पानापासून शेवटापर्यंत फक्त रुमालाखालच्या सौद्याचं.

एका संशोधनपत्रिकेत परीक्षण आलं. सरांनी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं: "लेखकाने या विषयात स्वतःला पूर्णपणे गुंतवले आहे."

"पैशासकट," वहिनी म्हणाल्या.

सर इतके हसले, की परीक्षणाचा उरलेला भाग वहिनींनाच वाचावा लागला.