हाकेला ओ

परवा फोनवर तुमच्यातली धाकटी म्हणाली की ती सध्या स्तनाच्या एमआरआयचा वेळ कमी करायच्या कामावर आहे. पण वेळ कापला की चित्र बिघडतं आणि तिथेच सगळं अडतं. मी नुसतं ‘हो का’ म्हटलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या वन्संना, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस डाव्या स्तनात गाठ निघाली. त्या सोनईहून आमच्याकडे भिंगारला आल्या. तपासण्या झाल्या, गाठ चांगली नव्हती. सर्जन म्हणाले, गाठ एकच असेल तर तेवढीच काढू, शेजारी दुसरी असेल तर सगळा स्तन काढावा लागेल. सोनोग्राफीत शेजारी काहीतरी अंधुक दिसत होतं. पुण्याला जाऊन एमआरआय केला तर उलगडा होईल.

पुण्याच्या वाटेवर वन्सं एवढंच विचारत होत्या, “एकच असंल ना, वहिनी?” मला टायफॉइड झाला तेव्हा तुमच्या बाबाला त्यांनीच स्वतःच्या लेकीबरोबर अंगावर पाजलं होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

तिथे पालथं झोपायचं, हात डोक्यापुढे, आणि पाऊण तास हलायचं नाही. दिवसभर ओणवं राहून खुरपणाऱ्या बाईला त्यात अवघड काय, असं मला वाटलं. मला काचेच्या अलीकडे, मशीन चालवणाऱ्या बाईंजवळ बसू दिलं होतं. बाई मायाळू. मध्येमध्ये माईकवरून विचारायच्या, “मावशी, बरं वाटतंय ना?” की वन्सं मान उचलून म्हणायच्या, “व्हय बाई, बरं हाय.” उत्तर देऊ नका म्हटलं, तर “न्हाई देत” हेही मान उचलूनच. शेवटी मी माईकवर बोलले, तर मी कुठे आहे ते त्या शोधू लागल्या. आपली कुणी विचारपूस केली आणि आपण मुकाट पडून राहिलो, असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं. हाक आली की ओ द्यायची, हे वळण लहानपणापासूनचं.

चित्रं हलली होती; प्रत्येक कड दुहेरी. गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेल्या इंजेक्शनचा असर ओसरत आला होता. बाई म्हणाल्या, आत्ता थोडक्या वेळाचा स्कॅन होईल, पण चित्र भरड येईल. नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. वन्संचे खांदे आखडले होते, छातीचं हाड दुखत होतं.

“आता हुतंय ते करा,” त्या म्हणाल्या. “परत पालथी न्हाई पडायची मी.”

या वेळी त्यांच्याशी कुणीच बोललं नाही आणि त्या तसूभरही हलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला हळूच विचारलं, “येकदाबी बोलल्या न्हाईत. रागावल्या का काय बाई?”

सर्जननी फिल्म उजेडावर धरून बराच वेळ पाहिली. शेजारचा ठिपका दुसरी गाठ आहे की चित्राचाच रवाळपणा, ते सांगता येत नव्हतं. पुन्हा स्कॅन करा म्हणून त्यांनी समजावलं, मी आणि तुमच्या आजोबांनी मिनत्या केल्या. त्या म्हणाल्या, शंका ठेवायची नाही, सगळं काढून टाका.

काढलं. काही दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला, तो मी त्यांना मराठीत समजावून सांगितला. शेजारी काहीच नव्हतं.

“एकच हुती तर,” त्या म्हणाल्या आणि पदर डाव्या अंगावर ओढून घेतला.

पुढे त्या खूप वर्षं जगल्या, तेव्हा सर्जनना दोष देता येत नाही. त्या मायाळू बाईंना तर नाहीच. तेवढ्याच थोड्या वेळात स्वच्छ चित्र निघालं असतं तर, हा विचार मात्र मला सुटत नाही.

म्हणून धाकटे, किती मिनिटं वाचवलीस ते मला कळणार नाही. तुझ्या चित्रात ठिपका ओळखू येतो का, तेवढं कळव. वन्सं तुझ्या बारशाला आल्या तेव्हा तुला मी सवयीने त्यांच्या डाव्या खांद्याशी दिलं होतं. त्यांनी तुला उजवीकडे घेतलं.