खलास या शब्दाचा अर्थ

माझी श्रद्धा तशी बेताचीच. बर दुबई भागातल्या देवळात नेमानं जायचे, पण हात जोडलेले असतानाही अर्धं लक्ष खाली लावलेल्या गाडीकडे असायचं. देव आहे की नाही यापेक्षा, इतक्या लांब तो आपल्याला ओळखतो का, ही माझी खरी शंका होती.

२००८च्या मंदीत नवऱ्याच्या जबल अलीतल्या कंपनीनं नोकरी ठेवली, पण कुटुंबाचा आरोग्य विमा बंद केला. सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या आमच्या इमारतीतल्या इतर मराठी घरांचीही तीच गत. तेव्हा शेजारच्या कुलकर्णीकाकांनी आजारपणाची भिशी सुरू केली. सगळ्यांनी दरमहा भरायचं, आणि चिठ्ठ्या न टाकता जो आजारी पडेल त्यानं उचलायची. "ही चिठ्ठी देव काढतो," असं काका म्हणायचे आणि मी हसायचे. बाकी सगळ्यांवर कधी ना कधी उचलायची वेळ आली, आमच्यावर आली नाही.

पुढे काही वर्षांनी नियम आला. प्रत्येकाचा विमा हवा, नाहीतर दरमहा दंड. सरकारच्या लेखी भिशी म्हणजे काही विमा नव्हे. एकेका घरानं पॉलिसी काढली आणि एका शुक्रवारी पुरणपोळ्या खाऊन आम्ही भिशी मोडली. आमची पॉलिसी तेवढी राहिली. नवऱ्यानं नुकतीच नोकरी बदलली होती आणि नवी कंपनी म्हणायची, "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला."

त्या नेक्स्ट वीकची वाट बघत असतानाच माझी लेक शाळेत पोट धरून खाली बसली. अपेंडिक्स फुटलं होतं. दंड चढत होताच, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. हॉस्पिटलात तिला लगेच आत घेतलं, पण काउंटरवर विम्याचं कार्ड मागितलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवरा फोन घेऊन बाहेर धावला. मी ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर बसले. मागण्यासारखं इतकं होतं की काहीच मागता येईना. शेवटी मनात म्हटलं, देवा, ती तुझीच आहे, माझ्या हातात आता काही नाही.

कितीतरी वेळानं दार उघडलं. हिरव्या कपड्यातला एक अरब माणूस बाहेर आला आणि हात झटकून मला म्हणाला, "खलास, मदाम."

मी मुंबईत वाढले. तिथे माणूस खलास झाला म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. दुबईत मी स्वतः लेकीला रोज म्हणायचे, "खलास, आता टीव्ही बंद." पण भीतीला मातृभाषाच कळते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पडणार तोच काळ्या पायघोळ अबायातल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला धरलं. त्या माणसाशी अरबीत दोन शब्द बोलून ती माझ्याकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, "रोती क्यों है? खलास मतलब हो गया! ऑपरेशन हो गया, बेटी ठीक है." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. डोळे पुसून वर बघितलं तर ती निघून गेली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं.

खाली काउंटरवर गेले तर तिथली मुलगीही म्हणाली, "खलास, मॅडम, पेमेंट हो गया." बाजूला नवऱ्याचा फोन गेल्यावर धावून आलेले कुलकर्णीकाका आणि भिशीतली सगळी मंडळी उभी होती.

"अहो काका, भिशी तर मोडली ना?"

"आम्ही सगळ्यांनी उचललेली आहे. उचलणाऱ्यानं मध्येच सोडायची नसते, बाई. देवानं तुमची चिठ्ठी जरा उशिरा काढली, एवढंच."

"पण किती..."

"दिरहममध्येही सांगणार नाही आणि रुपयांत तर मुळीच नाही. घाबरशील."

लेक शुद्धीवर आली तेव्हा मी पुन्हा रडत होते. कोरड्या ओठांनी ती पुटपुटली, "आई, खलास. नो मोअर क्रायिंग."

पॉलिसी नंतर झाली, दंडही भरला. त्या दिवसाचं नवल मात्र अजून ओसरत नाही. ज्या शब्दानं माझं काळीज फाटलं, त्याच शब्दानं देव मला सांगत होता की झालं, काळजी सोड. अर्थ लावण्यात चूक माझी होती. आता देवळात उभी राहते तेव्हा मागण्यांची यादी नसते. डोळे मिटते, सगळं त्याच्या पायाशी ठेवते आणि हळूच म्हणते, खलास.