पाय टेकणारी मोटारसायकल

मुठा खोऱ्यात मी शहरातल्या लोकांचे वीकेंड बंगले सांभाळते. त्यासाठी डांबर आणि चिखल दोन्हीवर चालणारी गाडी लागते. एकाच मोटारसायकलची दोन मॉडेलं मी वापरली. गाडी उत्तम, पण ती उंच माणसांसाठी बनते आणि मी उंच नाही.

पहिल्या मॉडेलला कार्ब्युरेटर होता. थंडीत चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. बाकी इंजिन साधं, वजन कमी. पाय मात्र टेकत नसत. म्हणून थांबायच्या जागा ठरवून टाकल्या: डेअरीची पायरी, ओढ्यावरच्या मोरीचा कठडा, वडाची मुळी. अधेमधे कुणी हात केला की मी ओरडायची, "पुढं मोरीवर या, तिथं बोलू!" लोक खरंच पळत यायचे.

दुसऱ्या मॉडेलला फ्युएल इंजेक्शन आलं. बटण दाबलं की सुरू! पण दगडधोंड्यांसाठी शॉकअप लांब केले, त्यामुळे सीट आणखी दोन बोटं वर गेली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, मागं शिडी बांधून फिरा की. लई शोभंल."

यंदा तिसरं आलं. त्यात एक बुटकी आवृत्ती होती: मागच्या शॉकअपची जोडणी बदललेली, सीट पुढे निमुळती.

"या वेळी पाय टेकले नाहीत तर स्कूटर घ्यायची," नवऱ्याने बजावलं. स्कूटर चढावरच्या मातीत चालत नाही. म्हणजे वरच्या बंगल्यांचं काम सोडायचं.

शोरूमच्या फरशीवर मी विश्वास ठेवला नाही. ट्रायलला नवऱ्याला मागे बसवून थेट भातखाचरांमधल्या कच्च्या रस्त्यावर गेले. थांबले. पाय टेकले!

मग शंका आली. "अहो, उतरा. तुमच्या वजनाने गाडी दबते, ते धरायचं नाही."

ते पुटपुटत उतरले. मी एकटी थोडी पुढे गेले, रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला. दोन्ही टाचा मातीत. मी वेड्यासारखी हसत सुटले.

मागे ट्रॅक्टर येऊन थांबला. "ओ मावशी, बंद पडली व्हय?"

"न्हाई! उभी हाय!"

"मंग कडंला उभी ऱ्हावा की!"

"व्हय, व्हय," म्हणत मी चार हात पुढे गेले आणि पुन्हा मधोमध थांबले. त्याने हॉर्न दाबून धरला. मी आणखी एकदा थांबले.