कोटाला लावलेली नाडी

मे महिना होता. सकाळीच झळा लागत होत्या आणि मी कूलरमध्ये बादलीनं पाणी भरत होते, तेवढ्यात बाईंच्या शेजारच्या भाभींचा फोन आला. "सुमन, जल्दी आ. मॅडम उठ नहीं रहीं." मी तशीच ओल्या हातांनी धावले. बाई खाटेवर शांत पडल्या होत्या, वर पंखा गरगरत होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण तेराव्यानंतर टाउनशिपच्या मराठी मंडळात शोकसभा झाली आणि तिथं बाईंचा भाचा श्रीरंग माइक हातात घेऊन म्हणाला, "आत्याला खरं तर त्या रशियाच्या थंडीनं नेलं. वय बघून वागायला हवं होतं. निदान बरोबर कुणी समजदार माणूस तरी न्यायचं." लोकांनी माना डोलावल्या. काहींनी वळून माझ्याकडं पाहिलं. अहो, रशियाहून येऊन आम्हाला दोन हिवाळे झाले होते! तेवढ्या काळात बाईंना साधी सर्दी झाली नाही. भोपाळच्या भर उन्हाळ्यात गेलेलं माणूस थंडीनं गेलं म्हणे... मला उठून बोलायचं होतं. पण माइक पाहिला की मी मागच्या रांगेत सरकते. म्हणून इथं लिहितेय. इतके दिवस झाले, राग जात नाही.

बाई म्हणजे कारखान्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या जोगळेकर बाई. मी सातवीत शाळा सोडलेली, यवतमाळकडच्या खेड्यातून लग्न होऊन इकडं आले. नवरा कारखान्यात हेल्पर. तो अचानक गेला, क्वार्टर सोडायचा कागद हातात पडला, तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी नुसती बसून होते. गावाकडं परत जायला तिथं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी मला आत नेलं, पाणी पाजलं आणि प्रिन्सिपॉलसाहेबांपुढं उभं करून आयाची नोकरी मिळवून दिली. मी कधी "तुमचे उपकार" म्हणायला लागले की खेकसायच्या, "गप्प गं. घंटा दे जाऊन."

रशिया हे त्यांचं जुनं वेड. मूलबाळ नाही, यजमान लवकर गेलेले. दर दिवाळीला श्रीरंगचा पुण्याहून फोन यायचा, "आत्या, पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ रशियाला. आणि जाऊ ते उन्हाळ्यात." बाई हो हो म्हणायच्या. अशा किती दिवाळ्या गेल्या! एकदा फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "सुमन, पासपोर्ट काढ. पुढच्या वर्षी म्हणणाऱ्यांजवळ वर्षं पुष्कळ असतात. माझ्याजवळ नाहीत."

"अवो बाई, मी काहून? मला इंग्रजी तरी येते का?"

"तिथं तरी कुणाला येतं?"

"मग उन्हाळ्यात जाऊ नं..."

"बर्फ वितळल्यावर? जन्मभर पोरांना फळ्यावर खडूनं बर्फ काढून दाखवला मी!"

टी. टी. नगरच्या टेलरकडून जाड कापडाचे दोन कोट शिवून घेतले. तिकिटं निघाल्याचं कळल्यावर श्रीरंगनं काय केलं? "आत्या, आता तुझी जबाबदारी तुझ्यावर," म्हणून फोन ठेवून दिला. एअरपोर्टवर सोडायला कुणी नाही.

मी मुळात भित्री. मॉस्कोच्या त्या लाल भिंती, बर्फातले रंगीत घुमट, सगळं मी ब्लाउजमधल्या पासपोर्टवर हात दाबून पाहिलं. बाहेर श्वासाची वाफ आणि आत शिरलं की हीटरनं घामाच्या धारा. पुढं सुझदल गावात नदी गोठलेली. बाई तिच्यावर उभ्या राहिल्या, बूट आपटला आणि ओरडल्या, "सुमन, खाली नदी आहे!" मी काठावरून देवाचं नाव घेत होते.

तिथल्याच म्युझियममध्ये ते झालं. तिकडं कोट घालून आत जाऊ देत नाहीत, दाराशीच काढून द्यायचा. काउंटरवर एक वयस्क बाई. तिनं बाईंचा कोट घेतला, कॉलर उलटी करून पाहिली आणि कोट हलवत जी काही झापायला लागली... मला वाटलं, संपलं, आता पोलीस. बाई मात्र चिडल्या आणि सरळ मराठीत सुरू झाल्या, "ओ, पोर वर्गात उभं केल्यासारखं काय बोलता मला?" आमचा गाइड पळत आला. म्हणाला, कोटाला कॉलरमागं टांगायला बंद नाही, म्हणून रागावतेय. खुंटीला अडकवून कॉलर फाटते, चांगला कोट असा वापरतात का, म्हणते.

बाईंनी कोटाची कॉलर उलटी करून पाहिली. मग हसल्या. "बरोबर बोलतेय गं. शिस्तीची आहे."

संध्याकाळी हॉटेलात बाईंनी परकराची लाल नाडी काढली, कापली आणि मी दोन्ही कोटांना पक्के बंद शिवले. पुढं सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्यात तशीच एक करडी बाई काउंटरवर होती. तिनं कॉलर उलटली. आम्ही दोघी श्वास रोखून. तिनं बंद बोटानं ओढून पाहिला, कोट टांगला आणि निमूटपणे बिल्ला पुढं सरकवला. बाईंनी माझा हात गच्च धरला. "पास झालो गं!" एवढ्या खूश त्या मला कधी दिसल्या नव्हत्या, रिटायर झाल्या त्या दिवशीही नाही. हे दिवस श्रीरंगनं 'थंडी' म्हणून निकालात काढले. त्यांना मारलं म्हणतो ज्या थंडीनं, तिनंच तर त्यांना इतकं हसवलं...

जाऊ द्या.

बाईंचं घर रिकामं करायला तो आला तेव्हा मी भांडी बांधत होते. दान द्यायच्या ढिगावर त्यानं कोट टाकला, परत उचलून पाहिला. "हे काय, परकराची नाडी? आत्यापण ना!" आणि हसला.

"ठेवा तो खाली," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मलाही ओळखू येईना. त्यानं कोट खाली ठेवला. "आणि थंडी-थंडी करू नका, दादा. तुम्ही नव्हता तिथं. मी होते."

कोट आता माझ्या खोलीत आहे. बाहेर लू वाहतेय, कूलर धापा टाकतोय आणि खिळ्यावर तो त्या लाल नाडीनं सरळ टांगलेला आहे. कॉलरचा टाकासुद्धा उसवलेला नाही. येणारं-जाणारं विचारतं, भर उन्हाळ्यात हा कशाला बाहेर? मी सांगते, बाईंचा आहे. पास झालेला.