त्या पानांची पोच

साहेबांनी पानांचा गठ्ठा माझ्या अंगावर फेकला. पानं फरशीवर पसरली. मी गोळा केली. सगळ्यांवर टक्के, कंस, आकडे, तुटकी अक्षरं. प्रिंटर अजून तसलीच पानं ओकत होता.

"हे काय छापून राह्यलं? तुमच्या पोडावरची भाषा आहे का हे? वाचून दाखव."

आम्ही कोलाम. पोड म्हणजे आमची वस्ती, केळापूर तालुक्यातली. दाखल्यांसाठी आलेली माणसं बाकावर बसली होती. त्यांत माझ्या पोडावरचे दोघं होते.

मी वाचलं. "टक्का. उद्गारचिन्ह. पी. एस." कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पोडावरचे दोघं खाली बघत होते. मला काहीच वाटलं नाही. साहेब 'पुरे' म्हणेपर्यंत मी वाचत राहिले.

मी तहसील कार्यालयातली कंत्राटी संगणक ऑपरेटर. आठ संगणकांत एकच प्रिंटर, तो मीच जोडलेला. पान कसं छापायचं हे संगणक प्रिंटरला एका ठराविक भाषेत सांगतो. आमचा प्रिंटर फक्त पीसीएल समजतो. जुन्या-नव्या प्रत्येक संगणकावर मी शोधून तीच भाषा बोलणारा ड्रायव्हर टाकला होता. साहेबांच्या लॅपटॉपवरसुद्धा. तो मात्र उभ्याने, वाकून. त्यांच्या खुर्चीत बसू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलं नाही.

पहिल्या ओळीतच मला कळलं होतं. पी, एस म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, आमच्या प्रिंटरला न कळणारी दुसरी भाषा. सकाळी साहेबांनी स्वतःच आपल्या लॅपटॉपवरून प्रिंटर काढून पुन्हा जोडला आणि यादीतलं दिसेल ते नाव निवडलं. मी समोरच बसले होते. मला विचारलं नाही.

साहेबांनी माफीनामा मागितला. माझ्या चुकीने पानं वाया गेली, असा. माझा अकरा महिन्यांचा करार त्यांच्याच सहीने वाढतो. आवक रजिस्टर पाहणाऱ्या ताई हळूच म्हणाल्या, "कायले नादी लागतं? लिहून दे. पुढच्या महिन्यात करार आहे तुहा."

असे तीन माफीनामे मी आधी लिहून दिलेत. तिन्ही चुका माझ्या नव्हत्या. लाज मला त्यांची वाटते, पानं वाचल्याची नाही.

लॅपटॉप नीट करून ठेव म्हणून साहेब जेवायला गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. ड्रायव्हर बदलला. पान स्वच्छ आलं. मग माझ्या टेबलावर येऊन वरिष्ठांच्या नावे तक्रारीचा अर्ज टाइप केला. कोणत्या लॅपटॉपवर कोणी काय निवडलं, आणि मला सगळ्यांसमोर काय म्हटलं, शब्दाला शब्द. दोन प्रती काढल्या. मागे मी वाचलेलं ते पहिलं पान जोडलं.

ताईंनी सगळं वाचलं. "पोच कायले पाहिजे तुले?"

"मले पाहिजे."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग रजिस्टरात नोंद केली आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून सही दिली.

करार बहुतेक वाढणार नाही. पोच माझ्याजवळ आहे. चौथा माफीनामा माझ्या हातून लिहिला जाणार नाही.